एका घराचे दोन भाव

नागेंद्र कुणाच्याही घरी गेला की चहा यायच्या आधी त्या घराची किंमत त्याच्या डोक्यात तयार असे. मयताला गेला तरी यातून सुटका नव्हती. दाराशी चपला काढतानाच चौकट सागाची की आडजात लाकडाची हे तो बघून घेई, आणि घरच्यांच्या खांद्यावर हात ठेवून 'वाईट झालं' म्हणेपर्यंत जागेचा दर, बांधकामाचं वय, वजा घसारा असा आकडा जुळलेला असे. मच्छे गावातल्या एका फाउंड्रीत स्टोअरकीपरची नोकरी करता करता हा रोग जडला, असं तो स्वतःच सांगत सुटे. बोल्टापासून भट्टीपर्यंत सगळ्याचा घसारा मी धरतो, फक्त माझा धरायचा राहिलाय, तो धरला तर मंगल मला भंगारात घालील, असं म्हणून तो हसे. त्यावर त्याची बायको मंगल शांतपणे सांगे की भंगारवाल्याला विचारून झालंय, तो न्यायला तयार नाही.

अशा माणसावर स्वतःच्याच घराची किंमत काढायची वेळ आली.

घर वडगावातलं, एका ओळीतलं. ओळीतल्या घरांत दोन घरांना मिळून एकच भिंत असते. इकडे खिळा मारला की तिकडे कॅलेंडर पडतं, आणि इकडचं भांडण तिकडं वेगळं सांगावं लागत नाही. रुंदी पंधरा फूट, लांबी साठ. सोपा, मधली खोली, स्वयंपाकघर, परसात न्हाणी, वर कौलारू माडी. नागेंद्र त्याला 'आगगाडीचा डबा' म्हणे, पण दुसऱ्या कुणी म्हटलेलं त्याला खपत नसे. मधल्या खोलीत वडिलांचा हातमाग होता. वडील गेल्यावर मागाचा खड्डा बुजवून वर शहाबादी फरशी घातली. तेव्हापासून या घरात माग नाही, पण आवाज होताच. कारण डावीकडचं घर यमनाप्पाचं आणि उजवीकडचंही यमनाप्पानंच घेतलेलं, आणि दोन्हीकडे त्याचे यंत्रमाग. ते सुरू असले की फडताळातली भांडी बारीक किणकिणत, पाण्यावर कड्या उठत, आणि भिंतीवरचे वडील दिवसभरात थोडे थोडे डावीकडे कलत. मंगल संध्याकाळी दिवा लावताना त्यांना सरळ करी.

उताऱ्यावर दोन नावं होती. नागेंद्रचं, आणि थोरल्या बहिणीचं, सत्यवतीचं. सत्यवती निपाणीला दिलेली. सासरी तंबाखूची वखार होती, आणि सासरे गेल्यावर बाजारात उभं राहून सौदे करायचं काम नवऱ्यापेक्षा तिनंच जास्त केलं. पानाला हात लावून नाक मुरडायचं आणि भाव पाडायचा, किंवा दुसऱ्यानं नाक मुरडलं तरी आपण हलायचं नाही, हे तिला चांगलं जमे. आता नवरा गेला, वखार पुतण्यांकडे गेली, गुडघे बोलायला लागले. टिळकवाडीत लेकीच्या जवळ तळमजल्यावरचा एक छोटा फ्लॅट तिनं बघून ठेवला होता. तिनं फोन केला, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाली, "नागू, घर तूच ठेव. मला माझा अर्धा वाटा पैशात दे. किती ते तू सांगशील ते. फक्त कुणातरी जाणत्या माणसाकडनं लिहून घे, म्हणजे उद्या पोरांच्यात बोलणं नको."

एवढा सरळ व्यवहार. सरळ माणसानं तो दोन दिवसांत संपवला असता.

नागेंद्रनं कागद घेतला. बहिणीला पैसे द्यायचे तर ते बँकेकडून घ्यायचे. बँक कर्ज देणार घराच्या किमतीवर, शंभराला साठ या हिशेबानं. म्हणजे बँकेच्या कागदावर घर जितकं महाग तितकं चांगलं. आणि बहिणीच्या कागदावर जितकं स्वस्त तितकं चांगलं. बहिणीला घर तीस लाखांचं दाखवलं तर तिला पंधरा द्यायचे. बँकेला अठ्ठेचाळीसचं दाखवलं तर एकोणतीसच्या आसपास हातात येतात. मधले चौदा लाख उरले. त्यात माडीची कौलं काढून स्लॅब होतो, वर भाडेकरू बसतो, आणि भाड्यातून हप्ता जातो. घर एकच, पण एका हातानं गरीब आणि दुसऱ्या हातानं श्रीमंत. हा हिशेब त्यानं मंगलला वाचून दाखवला तेव्हा त्याचा आवाज कीर्तनकारासारखा लागला होता.

मंगल लसूण सोलत होती. ती म्हणाली की हे म्हणजे मुलगी दाखवायच्या दिवशी सासरच्यांना गोरी आणि मामाला काळी दाखवायची, असं झालं. दोघं एकदम आले तर तोंड कुठलं दाखवणार?

"एकदम कशाला येतील?" नागेंद्र म्हणाला. "तारखा माझ्या हातात हाईत."

आणि तारखांतच त्याची सगळी हुशारी होती. वडगावात अमावस्येला माग बंद असतात. मागाला त्या दिवशी विसावा, मालकाला विसावा, विणकराला विसावा. नागेंद्र लहान होता तेव्हा अमावस्या म्हणजे वडील घरात, आईच्या हातची पुरी, आणि ओळीतली सगळी पोरं दुपारभर रस्त्यावर. ओळ इतकी शांत असे की लांबच्या देवळातली घंटा ऐकू येई. त्या दिवशी त्याच्या घराची भिंत हलत नसे, भांडं वाजत नसे. म्हणजे बँकेचा इंजिनिअर अमावस्येला बोलवायचा. आणि बहिणीसाठी घर बघायला येणारी माणसं आदल्या दिवशी बोलवायची, कारण अमावस्येच्या आदल्या दिवशी ओळीतले सगळे माग राहिलेला माल उरकायला बेभान चालतात. अमावस्या मंगळवारी होती. बँकेला त्यानं मंगळवार कळवला. सत्यवतीनं तेजस्वी नावाच्या एका मुलीचं नाव सुचवलं होतं, ओळखीतलीच, घरांची किंमत काढून देणारी इंजिनिअर. तिला सोमवार कळवला.

तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. यमनाप्पाचे उजवीकडचे दोन माग कामगार नसल्यामुळे महिनाभर बंद होते. नागेंद्रनं त्याला चौकात नेऊन चहा पाजला, वर भजी मागवली, आणि सोमवारी एकही माग बंद ठेवू नको असा शब्द घेतला. यमनाप्पा आणि तो एकाच शाळेत, एकाच बाकावर. तरी नागेंद्रनं स्वतःच्या खिशातून भजी मागवलेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. तो संशयानं खात होता. शेवटी म्हणाला, जमतंय, साळुंदीच्या पावण्याला दोन दिवस मागावर बोलावून घेतो.

शुक्रवारी बँकेच्या इंजिनिअरचा फोन आला. त्याचं नाव अमृत हलगेकर, आवाज गोड. तो म्हणाला, मंगळवारचं जमणार नाही.

"का हो?"

"अहो, अमावस्या की. अमावस्येला मी कुणाच्या घराला टेप लावत न्हाय. मी सोमवारी येतो."

चोपन्न वर्षांच्या आयुष्यात अमावस्या म्हणजे सुट्टी, एवढंच नागेंद्रला माहीत होतं. वडगावच्या बाहेर लोक या दिवशी नवं काम काढत नाहीत, गाडी घेत नाहीत, पोरगी बघायला जात नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. ते त्याच्या डोक्यातच कधी शिरलं नव्हतं, कारण ती जागा पुरीनं व्यापलेली होती. त्यानं हलगेकरला बुधवार सुचवला. हलगेकर म्हणाला, बुधवारपासून मी बाहेरगावी, मग पुढच्या महिन्यावर जाईल, आणि फाइलही. पुढच्या महिन्यापर्यंत सत्यवतीचा फ्लॅट थांबणार नव्हता. नागेंद्र म्हणाला, सोमवारी या.

मग तेजस्वीला पुढं ढकलायला त्यानं फोन लावायला घेतला, तर तिचाच आला. सोमवारी तिला खानापूरला एका साइटवर जायचं होतं. मंगळवारी सकाळी आलं तर चालेल का? तिला अमावस्येचं काही वाटत नव्हतं. उलट त्या दिवशी तिच्याकडे कामं कमी असतात. आणि मावशींना, म्हणजे सत्यवतीला, तिनं तसं कळवूनही टाकलं होतं.

राहता राहिला यमनाप्पा. सोमवारी सकाळी नागेंद्र त्याच्या दारात गेला आणि आतल्या गोंधळात ओरडून म्हणाला की दहा ते अकरा तेवढे माग बंद ठेव. यमनाप्पानं कानातला बोळा काढला.

"तूच म्हणालतास की, एकबी बंद ठेवू नको म्हणून. साळुंदीहून माणूस बोलावलाय मी. त्याची रोजी तू देणार हाईस का? साड्या बुधवारी जायाच्यात." मग त्याच्या तोंडाकडे बघून त्याला थोडी दया आली. "तुझं भजं खाल्लंय मी नागेंद्रा. शब्द मोडणार न्हाय."

हलगेकर दहाला आला. डावीकडे सहा माग, उजवीकडे चार. तो सोप्यात बसला तेव्हा त्यानं टेबलावर ठेवलेला मोबाइल आपणहून सरकत सरकत कडेला गेला; त्यानं तो उचलून खिशात घातला आणि मग पुन्हा टेबलावर काही ठेवलं नाही. मंगलनं चहा आणला. चहाच्या पृष्ठभागावर शिरशिरी उठत होती. नागेंद्रनं त्याला घर दाखवायला सुरुवात केली, पण दाखवणं म्हणजे काय, ओरडणं. भिंती दीड फुटी दगडी आहेत, असं तो ओरडला. हलगेकरनं भिंतीवर तळवा ठेवला आणि मनगटापर्यंत थरथर आलेली बघून तो काढून घेतला. घर हवेशीर आहे, असं नागेंद्र ओरडला. शेजार चांगला आहे, असंही ओरडला. हे ओरडताना त्याला स्वतःलाच लाज वाटली. मधल्या खोलीत गेल्यावर भिंतीवरचे वडील कललेले होते. हलगेकरनं मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या मागच्या भिंतीत गेलेली केसाएवढी तड बघितली, आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

माडीवर जाताना जिन्याच्या कठड्याला हात लावला तर कठडाही गुणगुणत होता. हलगेकर अर्ध्या जिन्यातून खाली आला. जाताना तो भला माणूस नागेंद्रच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "तुमी ऱ्हाता कसे हितं?"

चार दिवसांनी बँकेचा आकडा कळला. एकतीस लाख. इमारतीला सतत हादरे बसतात, उरलेलं आयुष्य कमी, असं खाली लिहिलेलं होतं. पण ते चार दिवसांनी. त्याआधी मंगळवार आला.

मंगळवारी ओळ अशी शांत होती की मंगलनं फुंकणी ठेवली तरी आवाज आला. तेजस्वी स्कूटरवरून आली, चपला काढल्या, दारात थांबून म्हणाली, किती छान आहे इथं. नागेंद्रला हे ऐकायचं नव्हतं. पण तो तयारीत होता. काल ज्या ज्या गोष्टींची तारीफ केली, त्या सगळ्यांना आज नावं ठेवायची होती, आणि आज ओरडायचीही गरज नव्हती. दबक्या आवाजात, दुखणाइतासारखं बोललं तरी पुरत होतं. घर जुनं झालंय, असं तो म्हणाला. भिंतीत तडा आहेत. उजेड कमी. दोन्ही बाजूला माग आहेत, आज बंद आहेत म्हणून, नाहीतर डोकं उठतं. तेजस्वी ऐकून घेत होती आणि टेप लावत होती. तड तिनं नखानं खरवडून बघितली आणि म्हणाली की ही वरच्या गिलाव्याची आहे, आत दगडात काही नाही.

मग ती कौलाखाली गेली आणि म्हणाली, पावसात गळत असेल नाही?

इथं नागेंद्रनं फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. त्या एका अक्षराची किंमत त्याच्याच हिशेबानं दोन-तीन लाख होती. पण गेल्या उन्हाळ्यात ती कौलं त्यानं स्वतः उभं राहून बदलून घेतली होती. एकेक कौल बोटाच्या पेरानं वाजवून, आवाज बद्द आला की बाजूला काढून. फाउंड्रीतल्या रजा त्यात गेल्या होत्या. गळतं, असं आता एका परक्या मुलीला सांगायचं?

"गळतं?" तो म्हणाला. "थेंब पडंल तर मला सांगा. वासे सागाचे हाईत. आमच्या आप्पानं दांडेलीहून आणलेले. असलं लाकूड आता टिळकवाडीतल्या बंगल्यातबी मिळायचं न्हाय."

खालून मंगल खोकली. नागेंद्र सावरला आणि म्हणाला की तसं म्हणजे जुनंच आहे सगळं. पण एकदा सुटलेली जीभ. परसात गेल्यावर त्यानं आडाचं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही हे सांगितलं, आणि सोप्याचा दगडी कट्टा एका अखंड दगडाचा आहे हेही सांगितलं. मंगलचा खोकला त्या दिवशी बराच होता. तेजस्वीनं काढा घ्या म्हणून सांगितलं.

तिचा आकडा शेहेचाळीस लाख आला.

आता हिशेब उलटा बसला. बहिणीच्या कागदावर घर शेहेचाळीसचं, म्हणजे तिला तेवीस द्यायचे. बँकेच्या कागदावर एकतीसचं, म्हणजे हातात अठरा लाख साठ हजार. गरीब जिथं श्रीमंत व्हायला हवं होतं तिथं, आणि श्रीमंत जिथं गरीब. स्लॅब गेला, भाडेकरू गेला, वर सव्वाचार-साडेचार लाख कमी. मंगलनं कागद हातात घेतला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि म्हणाली की स्टोअरात असाच हिशेब ठेवता म्हणून फाउंड्री अजून लहान आहे.

पण नागेंद्र हार मानणारा नव्हता. रात्रभर त्यानं विचार केला, म्हणजे मंगलच्या सांगण्याप्रमाणे घोरला, आणि सकाळी मार्ग सापडला. दोन कागद आहेत, तर आक्काला एकच दाखवायचा. बँकेचा. बँक म्हणजे बँक, शिक्का आहे, त्यापुढं तेजस्वीच्या कागदाला कोण विचारतो. एकतीस म्हटलं तर साडेपंधरा द्यायचे, आणि बँकेचे अठरा साठ येतात. तीन लाख वर उरतात. स्लॅब नाही, निदान न्हाणीला टाइल्स.

रविवारी सत्यवती निपाणीच्या एसटीनं आली. यमनाप्पाला नागेंद्रनं मध्यस्थ म्हणून बोलावून घेतलं होतं. शेजारी आहे, आणि दोघांचाही लहानपणापासूनचा. सत्यवतीनं पाय पसरून भिंतीला पाठ टेकली, गुडघ्यावर हात फिरवला, मंगलनं केलेली पोहे-भजी खाल्ली, भजी चांगली झाल्याचं दोनदा सांगितलं. नागेंद्रनं बँकेचा कागद तिच्यापुढं ठेवला आणि थोडा दूर सरकून बसला. त्यानं उत्तरं तयार ठेवली होती. तिनं 'एवढंच?' असं म्हटलं की हादरे दाखवायचे, घसारा समजावून सांगायचा, बाजार पडलाय म्हणायचं.

सत्यवतीनं चष्मा लावून आकडा वाचला आणि म्हणाली, "एकतीस. बरोबर हाय की."

नागेंद्रला ऐकू आलं ते खरं वाटेना.

"बरोबर?"

"जास्तच लावलेत म्हणायचं. काय ऱ्हायलंय रं ह्या घरात? ह्या भिंती बघ की."

नागेंद्रनं भिंती बघितल्या. त्याला त्या चांगल्या दिसत होत्या.

सत्यवती बोलत राहिली, अगदी मायेनं, जशी वखारीत तंबाखूच्या पानाला बोटं लावत बोलत असे. मातीचाच तर गिलावा. कौलं जुनी, आज ना उद्या गळणारच. वासे कसले कोण जाणे, आप्पा गरीब माणूस, त्यानं सागाचे कुठून आणले असतील, जंगली लाकडावर भागवलं असेल. आगगाडीच्या डब्यासारखं घर, माणूस एकदा आत शिरला की परसात जाऊन वळल्याशिवाय वळता येत नाही. तिच्या जावेचा मुलगा बघून गेला होता, तो म्हणाला होता की असल्या ओळीतलं घर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये. यमनाप्पानं भज्याचा घास तोंडातच थांबवला. त्याचीही दोन घरं याच ओळीत होती.

"त्यो कोण सांगणार?" नागेंद्र म्हणाला. "त्येच्या घराचा दरवाजा प्लायवुडचा हाय."

"तेबी खरं. पण इकडचं काय चांगलं हाय ते तर सांग. मला आनंदच हाय नागू, एकतीस तर एकतीस. तू भाऊ असून मला ठकवणार थोडंच."

मंगलनं नवऱ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी सांगितलं: गप बसा. साडेसात लाख फक्त गप बसण्यात वाचत होते. आयुष्यात याहून सोपं काम त्याला कुणी दिलं नव्हतं. त्यानं दातांवर दात ठेवले. एक घोट पाणी प्याला.

"आप्पाबी बिचारा," सत्यवती म्हणाली, "काय बांधणार, काय समजणार."

"दांडेलीचे हाईत ते वासे!" नागेंद्र उठून उभा राहिला. "आप्पानं बैलगाडीनं आणलेत. तू त्या दिवशी शाळेत होतीस, गाडीवर मी होतो, तुला काय ठाऊक? दीड फूट भिंत हाय दीड फूट, दगड हाय आत, वर बोट टेकवून बघ. थेंब गळत न्हाय. बँकेच्या माणसाला काय कळतंय? अर्ध्या जिन्यातनं पळून गेला त्यो. तेजस्वीनं सगळं चढून बघितलंय, तिनं शेहेचाळीस लावलेत, शेहेचाळीस. आणि तीबी भीत भीत. आड धरला न्हाय तिनं, कट्टा धरला न्हाय. मी सांगतो तुला, आज बाजारात काढलं तर पन्नासला कमी जायाचं न्हाय. कुणीबी येऊ दे. पन्नास!"

बोलून तो खाली बसला. यमनाप्पानं थांबवलेला घास गिळला आणि समाधानानं मान डोलावली. त्याच्याही दोन घरांची किंमत आत्ताच वाढली होती. मंगल उठून आत गेली आणि तिथून एक पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

"पन्नास," सत्यवती म्हणाली. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "तुला घरातलं कळतंय, मला काय कळतंय. पन्नास म्हणतोस तर पन्नास."

नागेंद्रनं मनात निम्मे केले. पंचवीस लाख. त्यानं यमनाप्पाकडे बघितलं, पण यमनाप्पा मध्यस्थ होता आणि मध्यस्थाला भजी संपवायची होती. मग सत्यवतीच पुढं म्हणाली की नको, एवढं नको, भाऊ आहेस. शेहेचाळीस धर. वरचे चार सोडले मी. भाऊबीज दरवर्षी तू मला घालतोस, एकदा मी घातली.

तो हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार. वरून त्यानं तिचे आभारही मानले, आणि ते मनापासून होते, हे नंतर आठवून त्याला सगळ्यात जास्त राग आला. बँकेचे अठरा साठ ती आधी घेणार, आणि उरलेले चार लाख चाळीस हजार दर महिन्याच्या पगाराला थोडे थोडे, व्याज नाही. हक्कसोडपत्र पहिल्या पैशाबरोबर. घर पूर्ण नागेंद्रचं.

संध्याकाळी तो तिला रिक्षानं स्टँडवर सोडायला गेला. एसटी लागली, तिनं पायरीवर एक पाय ठेवला, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात ते आलं, जे कितीतरी आधी यायला हवं होतं.

"आक्का, तेजस्वीनं आकडा तुला कवा सांगितला?"

"मंगळवारीच की. मी धाडलीती तिला, मलाच पहिला सांगणार न्हवं?" ती वर चढली, खिडकीत बसली आणि खाली वाकून म्हणाली, "मंगलचा खोकला बरा हाय न्हवं? काढा दे म्हणालीती ती पोरगी."

एसटी गेली. नागेंद्र वडगावकडे चालत निघाला, रिक्षाचे पैसे वाचवायला. हप्ता आजपासूनच सुरू झाला होता. वाटेत त्यानं स्वतःला बरीच नावं ठेवली, स्टोअरातल्या हिशेबापासून सुरुवात करून. मी शहाणा, तो मनात म्हणाला, माझं डोकं विकायला काढलं तर घसारा वजा जाऊन उलट मलाच पैसे भरावे लागतील. ओळीच्या तोंडाशी पानवाल्यानं हाक मारली. बहीण येऊन गेल्याचं ओळीला कळलेलं होतंच. यमनाप्पा त्याच्या आधी तिथून गेला असणार.

"काय नागेंद्राण्णा, किती लागला म्हणं घराला?"

नागेंद्र थांबला. शेहेचाळीस, असं सांगायचं होतं. खरा आकडा तो होता. त्यानं पान घेतलं, चुना थोडा कमी करायला सांगितला.

"पन्नास," तो म्हणाला.

पानवाल्यानं भुवया वर केल्या, पलीकडच्या बाकावर बसलेल्या दोघांनी मान वळवून बघितलं, आणि नागेंद्र पान चघळत, साडेचार लाखांच्या देण्यासकट, पन्नास लाखांच्या घराकडे ताठ मानेनं निघाला.